‘कुठनं घेतलासा ओ?’ : कात्रणवहीपासून फॉरवर्डपर्यंत

बेळगावात आमच्या गल्लीत राहणाऱ्या एका निवृत्त मास्तरांकडे सहा कात्रणवह्या होत्या. दोनशेपानी, मैद्याच्या खळीनं फुगलेल्या, कडा झुरळांनी कुरतडलेल्या. मधमाश्यांचा नाच, पिसाच्या मनोऱ्याचा कल, ऑक्टोपसची तीन हृदयं, काय वाटेल ते त्यात. प्रत्येक कात्रणाखाली निळ्या शाईत अंकाचं नाव आणि महिना. कन्नड अंकातलं असेल तर शेजारी चार ओळींत मराठी सार. नाशिकचं ‘अमृत’ आणि हुबळीचं ‘कस्तुरी’, दोन्ही डायजेस्ट त्यांच्या घरी यायची. ‘कस्तुरी’ सुरू झालं १९५६ साली. त्याच वर्षी १ नोव्हेंबरला बेळगाव मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेलं. सीमाप्रश्न मोर्चांत आणि कोर्टात अडकून राहिला. मास्तरांची कात्री दोन्हीकडे चालायची.

आज इंटरनेटवर ‘या आठवड्यात सापडलेल्या भन्नाट गोष्टी’ म्हणून जी यादी फिरते, ती याच धंद्यातली. धंदाच म्हणायचं, कारण १८८१ मध्ये मँचेस्टरला जॉर्ज न्यून्स यानं दुसऱ्यांच्या पुस्तकांतले आणि वर्तमानपत्रांतले वेचे छापणारं ‘टिट-बिट्स’ काढलं आणि ते धो धो खपलं. अजब गोष्टी सांगणारी रिप्लेची ‘बिलीव्ह इट ऑर नॉट’ ही चित्रं १९१८ मध्ये दुसऱ्या नावानं सुरू झालेली, ‘रीडर्स डायजेस्ट’ १९२२ चं. आपल्या दैनिकांतली ‘इकडचं तिकडचं’ छापाची सदरं त्यांचीच भावंडं.

वेब आल्यावर मात्र गंमत झाली. सुरुवातीला पानंच इतकी थोडी होती, की नवीन काय आलं याची यादी एक माणूस ठेवू शके. अमेरिकेत इलिनॉय विद्यापीठात मोझेइक ब्राउझर तयार झाला, त्याच संस्थेनं १९९३ मध्ये ‘व्हॉट्स न्यू’ नावाचं असं पान चालवलं. पुढच्याच वर्षी स्टॅनफर्डच्या दोन विद्यार्थ्यांनी आपल्या आवडीच्या दुव्यांची यादी केली, तिचं पुढं याहू झालं. डिसेंबर १९९७ मध्ये जॉर्न बार्गर यानं आपण रोज वाचलेल्या पानांच्या नोंदीला ‘वेबलॉग’ हे नाव दिलं. म्हणजे ब्लॉग हा शब्द ज्यातून आला ती मुळात रोजनिशी नव्हतीच, कात्रणवही होती! त्या मंडळींत एक रीत पडली. दुसऱ्याकडून मिळालेला दुवा दिला, की शेवटी ‘व्हाया अमुक’ असं लिहायचं. मास्तरांची निळी शाईच ती, मला तरी दुसरं काही दिसत नाही.

१५ ऑगस्ट १९९५ ला विदेश संचार निगमनं भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट खुलं केलं. आमच्याकडं ते पोचलं सायबर कॅफेच्या लाकडी खोक्यातून, तासावर पैसे मोजून. मेल उघडला की विषयाच्या जागी ‘एफडब्ल्यू एफडब्ल्यू एफडब्ल्यू’, म्हणजे फॉरवर्डवर फॉरवर्ड, आणि प्रत्येक ओळीच्या तोंडाशी बाणांची रांग. दर हस्तांतराला एक बाण वाढायचा. नावं कुणी वाचायचं नाही, पण बाण मोजले की विनोद किती हातांतून आलाय ते कळायचं. खाली सरकत गेलं तर पत्ते सगळे सापडायचे.

व्हॉट्सअ‍ॅपनं ही सगळी वाट पुसून टाकली. जुलै २०१८ मध्ये मुलं पळवणाऱ्या टोळीच्या अफवांवरून जमावानं माणसं मारली. महिन्याच्या सुरुवातीला महाराष्ट्रात धुळ्याजवळ राईनपाड्याला पाच जण, दोन आठवड्यांच्या आत कर्नाटकात बिदर जिल्ह्यात एक जण. त्याच महिन्यात कंपनीनं ‘फॉरवर्डेड’ हा शिक्का आणला आणि भारतात एका वेळी पाचच ठिकाणी पुढं धाडायची मर्यादा घातली. फार फिरलेल्या मजकुराला एप्रिल २०२० पासून एकच ठिकाण. शिक्का बरा आहे, पण निरोप कुणाच्या तरी हातून आलाय एवढंच तो सांगतो. कुणाच्या, ते नाही. आणि आपल्याकडं मजकूर बहुतेक वेळा मुळातून काढून, दुव्याशिवाय, फुलांच्या चित्रावर चिकटवूनच येतो.

गेल्या पावसाळ्यात मंडळाच्या ग्रुपवर सकाळी सहाला ऑक्टोपस आला. ‘निसर्गाचा चमत्कार! ऑक्टोपसला नऊ हृदये!’ खाली गुलाब आणि हात जोडलेले. मास्तरांच्या वहीत तीन होती आणि तीनच असतात. ‘नऊ मेंदू’ असं काही ठिकाणी लिहिलेलं असतं, ते वाटेत कुठंतरी हृदयांत मिसळलं असावं. पाठवणाऱ्या काकांना मी विचारलं, “काका, हे कुठनं घेतलासा ओ?”

बराच वेळ वाचल्याच्या निळ्या खुणा नुसत्या दिसत राहिल्या. मग उत्तर आलं, “आलं ते टाकलं बघ.”