साके-परीक्षण
साके-परीक्षण : तांदूळ आंबवून केलेल्या जपानी मद्याच्या निरनिराळ्या शैली रंग, गंध व चवीवरून पारखण्याची आणि परस्परांशी ताडून पाहण्याची पद्धत. जपानीत हिला ‘किकिझाके’ म्हणतात. परीक्षणाचा रूढ पेला पांढऱ्या चिनी मातीचा, सुमारे १८० मिलि. मापाचा असून त्याच्या तळाशी दोन समकेंद्री निळी वर्तुळे असतात. पांढऱ्या भागावर मद्याची पिवळसर छटा उमटते आणि निळ्या रेषांच्या कडा कितपत रेखीव दिसतात यावरून गढूळपणा कळतो. परीक्षक प्रथम वास घेतो, मग लहानसा घोट जिभेवर खेळवत त्यावरून हवा ओढतो, ती नाकावाटे सोडतो आणि मद्य थुंकून टाकतो.

१९९० पासून लागू असलेल्या सरकारी वर्गीकरणात तांदळाचा दाणा घासल्यावर मूळ वजनाच्या किती टक्के उरतो, याला महत्त्व आहे. होन्जोझो या वर्गासाठी ही कमाल मर्यादा ७०, गिन्जोसाठी ६० आणि दाइगिन्जोसाठी ५० टक्के आहे. जुन्माई या वर्गात बाहेरून मद्यार्क मिसळत नाहीत. तिच्यासाठीची घासणीची मर्यादा २००४ मध्ये काढून टाकण्यात आली.

फळांसारख्या गंधाच्या गिन्जो शैलीचा उगम नेमका कोठे मानावा, याविषयी एकमत नाही. एका मतानुसार तिचे मूळ हिरोशिमा प्रांतातील साके-उत्पादक मिउरा सेन्झाबुरो यांनी १८९८ च्या सुमारास मांडलेल्या, मृदू पाण्यात कमी तापमानाला संथ किण्वन करण्याच्या पद्धतीत आहे. १९०७ च्या राष्ट्रीय स्पर्धेत हिरोशिमाच्या मद्यांनी मिळवलेले यश त्यासाठी दाखल्यादाखल दिले जाते. दुसरे मत स्पर्धांनाच कारण मानते : १९०४ मध्ये स्थापन झालेल्या सरकारी मद्यसंशोधन संस्थेने १९११ पासून नव्या साकेचे वार्षिक परीक्षण सुरू केले, आणि त्यात बक्षीस मिळावे म्हणून उत्पादक दाणा अधिकाधिक घासू लागले. मात्र १९३० च्या आसपास आलेली उभी घासणी यंत्रे व पुढे कुमामोतो येथून मिळालेले सुवासिक यीस्ट यांवाचून आजची गिन्जो संभवली नसती, हे ध्यानात घेता दुसरे मत अधिक ग्राह्य वाटते. ही शैली बाजारात सर्रास मिळू लागली ती विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात. तोवर ती बहुतांशी परीक्षकांपुरतीच राहिली.

गिन्जोच्या गंधात मुख्यतः दोन एस्टर (सुगंधी संयुगे) ओळखू येतात : आयसोअमाइल ॲसिटेट केळ्याचा, तर एथिल कॅप्रोएट सफरचंदाचा भास देते. याउलट किमोतो व यामाहाई (१९०९) या पद्धतींत लॅक्टिक आम्ल जीवाणूंकडून नैसर्गिकरीत्या तयार होऊ देतात. त्यामुळे आंबटपणा व चवीचा भरीवपणा वाढतो. हे आम्ल बाहेरून घालण्याची सोकुजो पद्धत १९१० ची असून बहुसंख्य साके आज तिनेच होते.

बाटलीवरील ‘निहोन्शु-दो’ हा अंक घनतेवरून काढतात. तो अधिक चिन्हाचा असल्यास साके कोरडी व उणे असल्यास गोड, असा ढोबळ संकेत आहे. परंतु अंक सारखा असूनही जास्त आम्लाची साके अधिक कोरडी लागते, म्हणून केवळ त्यावर विसंबून केलेली तुलना फसवी ठरते. तुलनेतील सर्व नमुने एकाच तापमानाचे असावे लागतात, कारण १० अंश से. ला खुलणारी गिन्जो ४५ अंशांना आपला गंध गमावते, तर यामाहाई त्याच उष्णतेत मऊ होते. निव्वळ गंधाला गुण दिल्यास यामाहाई नेहमीच मागे पडेल. पाश्चरीकरण न केलेली नामाझाके आणि मुरवलेली, तपकिरी छटेची कोशू यांची तुलना त्यांच्या-त्यांच्या गटातच करणे इष्ट असते.