मूलपेशींची अल्पकालीन साठवण व वाहतूक

दात्याच्या शरीरातून काढलेल्या जिवंत मूलपेशी (स्टेम सेल) न गोठवता, थंडाव्यात जपून, काही तासांपासून सुमारे 3 दिवसांपर्यंत टिकवण्याची आणि रुग्णापर्यंत पोहोचवण्याची पद्धत. रक्ताचा कर्करोग, थॅलेसेमिया, अप्लास्टिक ॲनिमिया अशा आजारांत रक्तमूलपेशींचे, म्हणजे रक्तातल्या सर्व पेशी बनवणाऱ्या मूलपेशींचे, प्रत्यारोपण करतात, तेव्हा तिची गरज सर्वाधिक पडते. दाता एका शहरात आणि रुग्ण दुसऱ्या शहरात किंवा दुसऱ्या देशात असला, तर मधल्या प्रवासात पिशवीतल्या पेशी जिवंत राहिल्या पाहिजेत. सगळा खटाटोप एवढ्यासाठीच असतो.

दात्याच्या रक्तातून वेगळ्या केलेल्या मूलपेशी सहसा 2 ते 8 अंश सेल्सिअसला ठेवतात. तापमान 10 अंशांनी उतरले की पेशीच्या चयापचयाचा वेग साधारण निम्म्यावर किंवा तिसऱ्या हिश्श्यावर येतो. शरीराच्या 37 अंशांवरून 4 अंशांवर आलेली पेशी त्यामुळे फार थोड्या ऊर्जेवर तग धरते. पण थंडी ही निव्वळ विश्रांती नव्हे. पेशीतले सोडियम बाहेर फेकणारा पंप मंदावतो, सोडियम आत साचते, त्यामागून पाणी शिरते आणि पेशी फुगते. पुन्हा ऊब मिळताना ऑक्सिजनचे घातक रेणू तयार होतात, त्यांचा घाव वेगळाच. अवयव जपण्यासाठी 1980च्या दशकात अमेरिकेतील विस्कॉन्सिन विद्यापीठात फोल्कर्ट बेल्झर व जेम्स साउदार्ड यांनी बनवलेले द्रावण याच अडचणीवरचा उपाय होते: त्यात सोडियम कमी, पोटॅशियम जास्त, आणि पेशीत सहज न शिरणारे मोठे रेणू. पेशींसाठीची आजची खास द्रावणेही त्याच विचाराने बनतात. रक्तमूलपेशींच्या पिशवीत मात्र बहुधा रक्त गोठू न देणारे सायट्रेट आणि दात्याचाच प्लाझ्मा एवढेच असते. पेशींची दाटी फार झाली तर ग्लुकोज लवकर संपते व आम्लता वाढते, म्हणून प्लाझ्मा घालून ती विरळ करतात.

गोठवूनच का पाठवत नाहीत, असा प्रश्न साहजिक आहे. गोठवणीसाठी डायमेथिल सल्फॉक्साइड (पेशींना बर्फाच्या स्फटिकांपासून वाचवणारे रसायन) घालावे लागते, आणि पुन्हा वितळवताना काही पेशी हमखास दगावतात. नाळेतील रक्त मात्र गोठवूनच साठवतात, कारण ते केव्हा लागेल हे ठाऊक नसते. त्याचा इतिहासही अल्पकालीन साठवणीपाशीच सुरू होतो. हॅल ब्रॉक्समायर यांच्या इंडियाना येथील गटाने तपासून पाहिले, की नाळेचे रक्त 4 किंवा 25 अंशांना 3 दिवस ठेवले तरी त्यातल्या मूलपेशी सहसा कामाच्या राहतात. म्हणजे बाळंतपण कुठेही होवो, रक्त प्रयोगशाळेपर्यंत पोहोचवता येणार होते. 1988 मध्ये पॅरिसच्या सेंट लुई रुग्णालयात एलियान ग्लुकमन यांनी फॅन्कोनी ॲनिमिया (अस्थिमज्जा निकामी करणारा आनुवंशिक आजार) झालेल्या एका अमेरिकन मुलाला त्याच्या धाकट्या बहिणीच्या नाळेतले रक्त दिले. या प्रकारचे ते जगातले पहिले प्रत्यारोपण.

प्रवासाचे नियम कडक आहेत, आणि ते तसे असलेच पाहिजेत. प्रशिक्षित कुरियर पेशींचा डबा हातातल्या सामानात नेतो. तो विमानाच्या लगेजमध्ये कधीच टाकत नाहीत. विमानतळावर त्याचा एक्स-रे काढू नये, यासाठी सोबत पत्र असते. डब्यात तापमान नोंदवणारे यंत्र आणि आधीच थंड केलेल्या जेलच्या पिशव्या असतात. नुसता बर्फ पेशींना चिकटला तर त्या कडेने गोठून फुटतात.

एवढी घाई का, हे रुग्णाकडे पाहिले की कळते. पेशी निघण्याआधीच त्याला तीव्र केमोथेरपी देऊन त्याची स्वतःची अस्थिमज्जा नष्ट केलेली असते. तेथून मागे फिरता येत नाही. मार्च 2020 मध्ये विमाने बंद पडू लागली, तेव्हा अमेरिकेच्या दाता नोंदणी संस्थेने पेशी आधी मिळवून गोठवा, मगच केमोथेरपी सुरू करा असे सांगितले. काही पेशी गोठल्या नि पुढे वापरल्याच गेल्या नाहीत. दात्याने दिलेले दान असे पडून राहणे क्लेशाचे आहे, तरीही तो निर्णय योग्यच होता.

भारतात डॉ. सुरेश अडवाणी यांनी 1983 मध्ये मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात अस्थिमज्जा प्रत्यारोपणाला सुरुवात केली. दाता घरातलाच असला की पेशींना लांबचा प्रवास नसतो. पण सख्ख्या भावंडाशी ऊती पूर्ण जुळण्याची शक्यता चारात एकच. उरलेल्यांसाठी चेन्नईची ‘दात्री’ (स्थापना 2009) यांसारख्या नोंदणी संस्था परके दाते शोधतात, आणि मग एप्रिल-मेच्या उन्हातही डबा 8 अंशांच्या वर जाऊ न देण्याची जबाबदारी येते.

अस्थिमज्जा, चरबी वगैरेंतून मिळणाऱ्या मेसेन्कायमल मूलपेशी (हाड, कूर्चा, चरबी बनवू शकणाऱ्या) अधिक नाजूक. साध्या सलाईनमध्ये त्या एक-दोन दिवसांत खालावतात. तपकिरी समुद्री शेवाळापासून मिळणाऱ्या अल्जिनेटच्या जेलमध्ये अशा पेशी गुंतवून साध्या तापमानाला पाठवण्याचे प्रयोग झाले आहेत.

पिशवी पोहोचल्यावर जिवंत पेशी आणि सीडी34 खूण (रक्तमूलपेशींच्या पृष्ठभागावरचे, त्यांना ओळखू देणारे प्रथिन) असलेल्या पेशी मोजतात. पेशींच्या वसाहती वाढवून पाहण्याची चाचणी अधिक भरवशाची, पण तिला सुमारे 14 दिवस लागतात. तेवढे थांबायला रुग्णाकडे वेळ नसतो. पेशी त्याच दिवशी शिरेतून देतात. त्या रुजल्या की नाही, हे पुढे साधारण 2 ते 4 आठवड्यांनी, रक्तातले न्यूट्रोफिल (संसर्गाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी) सलग 3 दिवस दर मायक्रोलिटरला 500च्या वर राहिले म्हणजे समजते.