‘द रिटर्न ऑफ द किंग’ : शेवटच्या खंडाची पार्श्वभूमी

जे. आर. आर. टॉल्किन या इंग्रज लेखकाच्या ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ या कादंबरीचा पहिला खंड २९ जुलै १९५४ रोजी लंडनमध्ये प्रसिद्ध झाला आणि दुसरा त्याच वर्षी ११ नोव्हेंबरला. दुसऱ्या खंडाचे शेवटचे वाक्य कथानायक फ्रोडो जिवंत आहे, पण शत्रूच्या हाती सापडला आहे, एवढेच सांगून थांबते. पुढे काय झाले हे कळण्यासाठी वाचकांना २० ऑक्टोबर १९५५ पर्यंत, म्हणजे अकरा महिन्यांहून अधिक काळ थांबावे लागले. पहिल्या खंडाची पहिली छपाई तीन हजार प्रतींची होती, तर तिसऱ्याची सात हजारांची. मधल्या काळात उत्सुकता किती वाढली होती, हे यावरून ध्यानात येते.

या खंडाची मुळे बरीच मागे जातात. पहिल्या महायुद्धात, १९१६ मध्ये, लेखक फ्रान्समधील सोमच्या रणभूमीवर होता, आणि १९१८ पर्यंत आपल्या जिवलग मित्रांपैकी एक वगळता सारे मरण पावले होते, असे त्याने पुढे लिहिले. १९३७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्याच्या ‘द हॉबिट’ या बालकादंबरीला यश मिळाल्यावर प्रकाशकांनी पुढचा भाग मागितला आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरात लेखन सुरू झाले. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात ते रखडत, थांबत पुढे सरकले. १९४४ मध्ये लेखकाने कथेतील युद्धाचे सुटे धागे तसेच सोडून शत्रूची जादूची मुद्रिका नष्ट करण्यासाठी फ्रोडोने केलेला मॉर्डॉरकडचा, म्हणजे शत्रूच्या देशाकडचा प्रवास लिहायला घेतला आणि हवाई दलात भरती होऊन दक्षिण आफ्रिकेत गेलेल्या मुलाला तो ही प्रकरणे पाठवू लागला. शेवटच्या खंडातील युद्धाचा भाग त्यानंतर सुरू झाला, लगेच अडला आणि प्रत्यक्षातले महायुद्ध संपल्यावरच पुन्हा हाती घेतला गेला. एकाच दिवशी वेगवेगळ्या ठिकाणी असलेल्या पात्रांना चंद्राची एकच कला दिसावी, यासाठी त्याने तारखांची मोजणी पुन्हा पुन्हा तपासली होती. अखेरच्या लढाईचा आणि मुद्रिकेच्या नाशाचा क्षण एकाच दिवशी जुळून येतो, तो या कष्टांमुळे.

मुळात ही तीन भागांची कादंबरी नव्हती. लेखकाच्या दृष्टीने ती सहा पर्वांत विभागलेली एकसंध कथा होती, आणि तिला कादंबरीत्रयी म्हटलेले त्याला रुचत नसे. युद्धोत्तर ब्रिटनमध्ये कागद महाग होता, पुस्तक प्रचंड होते, आणि दुसऱ्या एका प्रकाशकाशी चाललेली बोलणी १९५२ मध्ये फिसकटली होती. जुन्या प्रकाशकांकडे परतताना त्याने तडजोड स्वीकारली. एकवीस शिलिंग किमतीचे तीन खंड निघणार होते, खर्च भरून निघेपर्यंत लेखकाला काही मिळणार नव्हते आणि त्यानंतरचा नफा निम्मानिम्मा वाटला जाणार होता. या व्यवहारात प्रकाशकांना हजार पौंडांपर्यंतचा तोटा गृहीत धरावा लागला होता. पाचवे आणि सहावे पर्व तिसऱ्या खंडात गेले, ते असे.

तीन खंड म्हटल्यावर तीन शीर्षके लागणार होती, आणि खरा मतभेद झाला तो तिसऱ्या शीर्षकावरून. १९५३ च्या ऑगस्टमधील पत्रव्यवहारात लेखकाने या खंडासाठी ‘द वॉर ऑफ द रिंग’ हे नाव सुचवले. त्यात मुद्रिकेचा उल्लेख पुन्हा येतो आणि कथेच्या वळणाचा सुगावाही फारसा लागत नाही, अशी दोन कारणे त्याने दिली. प्रकाशकांचा कल ‘द रिटर्न ऑफ द किंग’कडे होता, आणि अखेर तेच नाव छापले गेले. या नावाने शेवट आधीच फुटतो, हा आक्षेप सर्वश्रुत आहे आणि तो खराही आहे, कारण राजा परतणार हे मुखपृष्ठावरच कळले की युद्धाचा निकालही कळतो.

मात्र या नावाने केलेले नुकसान केवळ रहस्यभेदाचे नाही, तर भर चुकीच्या जागी पडण्याचे आहे. खंडाची रचना जवळून पाहिली की हे स्पष्ट होते. पाचव्या पर्वाच्या दहाही प्रकरणांत फ्रोडो प्रत्यक्ष येत नाही. तिथे वेढा आहे, घोडदळाची धाव आहे, मैदानातली लढाई आहे आणि शेवटी शत्रूच्या दारात जाऊन जवळजवळ निश्चित मरण पत्करणारे एक छोटे सैन्य आहे. ते पर्व ऐन लढाईत तुटते आणि सहावे पर्व काही दिवस मागे जाऊन फ्रोडोचा सोबती सॅम याच्यापासून सुरू होते. सहाव्या पर्वात नऊ प्रकरणे आहेत. मुद्रिका तिसऱ्या प्रकरणात नष्ट होते आणि राज्याभिषेक पाचव्यात होतो. त्यानंतर उरतात निरोप, परतीची वाट, उद्ध्वस्त झालेल्या शायरची, म्हणजे फ्रोडोच्या मायभूमीची मुक्तता आणि बंदरावरची शेवटची ताटातूट, अशी पूर्ण चार प्रकरणे. शीर्षक राजाच्या नावाचे असल्यामुळे वाचक राज्याभिषेकालाच कळस समजतो आणि पुढची चार प्रकरणे त्याला लांबलेली शेपटी वाटतात. वास्तविक या खंडाचे सगळे बळ त्या चार प्रकरणांत आहे. युद्ध जिंकूनही घर पूर्वीसारखे उरत नाही, आणि ज्याने ते वाचवले त्यालाच तिथे राहता येत नाही, हे तिथेच उलगडते.

प्रकाशकांच्या बाजूनेही एक मुद्दा मान्य करायला हवा. राजाची ओळख पटते ती तलवारीमुळे नव्हे, तर जखमींना बरे करणाऱ्या हातांमुळे, आणि तो प्रसंग राज्याभिषेकाच्या कितीतरी आधी, पाचव्याच पर्वात येतो. त्या अर्थाने हे शीर्षक कथेशी प्रतारणा करत नाही. तरीही लेखकाने सुचवलेले नाव दोन्ही पर्वांना सारखे लागू पडले असते.

प्रकाशन लांबले ते मुख्यतः परिशिष्टांमुळे. वंशावळी, कालगणना, लिप्या आणि भाषा यांचे पहिल्या खंडात दिलेले आश्वासन लेखकाला पुरे करायचे होते, आणि साहित्य आवरता आवरत नव्हते. गाँडोर (परतणाऱ्या राजाचे राज्य) आणि मॉर्डॉरचा मोठ्या प्रमाणावरचा नकाशा १९५५ मध्ये मुलाने नव्याने काढला. आश्वासन दिलेली नामसूची मात्र राहून गेली, आणि त्याबद्दल प्रकाशकांना खंडातच दिलगिरी छापावी लागली. सॅम आपल्या मुलांशी बोलत बसला आहे, असे एक उपसंहाराचे प्रकरण दोनदा लिहून झाले होते. तेही छपाईपूर्वी गळले.

पुढच्या दशकात या खंडाचे नशीब व्यापाराने बदलले. अमेरिकेतील प्रकाशक ब्रिटनमध्ये छापलेले फर्मे आयात करत असे, त्यातून लेखनहक्काबाबत पळवाट राहिली आणि १९६५ मध्ये तिचा फायदा घेऊन दुसऱ्याच एका संस्थेने पंचाहत्तर सेंटची अनधिकृत पेपरबॅक आवृत्ती बाजारात आणली. तिला तोंड देण्यासाठी लेखकाने मजकूर सुधारून पंचाण्णव सेंटची अधिकृत आवृत्ती दिली. वाचकांनी त्याची बाजू घेतली, आणि अनधिकृत प्रकाशकाला अखेर मानधन देऊन पुनर्मुद्रण थांबवावे लागले. या वादाचा गाजावाजा झाला तो पुस्तकाच्या पथ्यावरच पडला आणि विद्यापीठांतील तरुण वाचक तिथून मोठ्या संख्येने जोडला गेला. दुसऱ्या आवृत्तीच्या निमित्ताने नामसूची एकदाची आली. त्याच आवृत्तीच्या प्रस्तावनेत, शायरमधील विध्वंस हे युद्धोत्तर इंग्लंडचे चित्र नसून तो कथेचा आरंभापासून योजलेला आवश्यक भाग आहे, असे लेखकाने स्पष्ट केले. १९६८ च्या एका खंडातल्या पेपरबॅक आवृत्तीतून मात्र एक कथा वगळता सगळी परिशिष्टे गाळली गेली. ज्यांच्यासाठी १९५५ मध्ये वाचकांना ताटकळत ठेवले होते, तीच पाने जागेअभावी निघाली.

२००३ च्या डिसेंबरात याच नावाचा चित्रपट आला आणि पुढच्या फेब्रुवारीत अकरा नामांकनांपैकी अकराही ऑस्कर घेऊन गेला. लढायांचे त्याचे चित्रण भव्य आहे, मात्र लेखकाने आवश्यक म्हटलेले शायरच्या मुक्ततेचे प्रकरण त्यात नाही. नायक परततात तेव्हा घर जसे सोडले तसेच सापडते. राज्याभिषेकाला कळस मानले की असा निर्णय सुचणे स्वाभाविक आहे. गळालेला उपसंहार १९९२ मध्ये मसुद्यांच्या संपादित ग्रंथात छापला गेला. १९९९ मध्ये निघालेल्या सात पुस्तकांच्या संचात सहा पर्वे सुटी झाली आणि परिशिष्टे सातव्या पुस्तकात गेली. त्या संचात पाचव्या पर्वाच्या मुखपृष्ठावर ‘द वॉर ऑफ द रिंग’ हे नाव आले. तीन खंडांच्या आवृत्त्यांवर मात्र प्रकाशकांनी निवडलेलेच शीर्षक कायम आहे.