भरलेली बॅटरी लवकर म्हातारी का होते?

१९८९ साली जपानमध्ये निन्टेन्डो कंपनीचा गेम बॉय, म्हणजे हातात धरून खेळायचं यंत्र, आला, तेव्हा त्यात चार पेन्सिल सेल घालावे लागत. पडदा हिरवट, रंग नाहीत, मागून उजेड नाही. पण त्या चार सेलवर पंधराएक तास खेळता येई. पुढच्याच वर्षी सेगाचा गेम गिअर आला. त्याचा पडदा रंगीत आणि उजळ होता, पण तो सहा सेल तीन ते पाच तासांत संपवायचा. खपात गेम बॉयने त्याला कुठल्या कुठे मागे टाकलं. गेम बॉयचा रचनाकार गुनपेई योकोई याची भिस्त मुरलेल्या, स्वस्त तंत्रज्ञानावर होती, आणि इथे ती कामाला आली.

बॅटरी मात्र तेव्हापासून पार बदलली. पुन्हा चार्ज होणारी लिथियम-आयन बॅटरी सोनीने १९९१मध्ये बाजारात आणली आणि आज निन्टेन्डोच्या स्विचपासून वाल्व कंपनीच्या स्टीम डेकपर्यंत, हातात धरून खेळायच्या सगळ्या यंत्रांत तीच आहे. घरोघरी मिळणारे सल्ले मात्र अजून तिच्या आधीच्या बॅटरीचेच आहेत. 'पूर्ण संपू दे, मगच लाव.' 'नवीन आणलंय ना, आधी आठ तास चार्ज कर.' निकेल-कॅडमियमच्या काळात या बोलण्याला अर्थ होता. ती बॅटरी अर्धवट वापरून पुन्हा पुन्हा भरली की कमी चालू लागे, अशी तिची ख्याती होती. लिथियम-आयनला ही खोड नाही. उलट दरवेळी शून्यावर नेणंच तिला बाधतं. अर्धा तास लावली, काढली, जेवून पुन्हा लावली, तरी तिचं काही बिघडत नाही. अर्धी-अर्धी दोनदा भरली तर हिशोबात एकच सायकल (पूर्ण भरण्या-वापरण्याचा एक फेरा) धरतात. स्विचच्या बॅटरीची क्षमता ८०० सायकलनंतर साधारण ८० टक्के उरते, असं निन्टेन्डो सांगते. रोज एक पूर्ण सायकल धरली तरी हे दोन वर्षांहून जास्त झालं, आणि रोज इतका वेळ कोणाच्याही घरी खेळू देत नाहीत.

म्हणजे खेळून बॅटरी झिजते हे खरं, पण न खेळताही ती झिजते आणि तिकडे आपलं लक्ष नसतं.

बॅटरीत एका बाजूला ग्राफाइट असतं, दुसऱ्या बाजूला लिथियम आणि कोबाल्टसारख्या धातूंचं ऑक्साइड, मधे आयन इकडून तिकडे नेणारं विद्युतद्रव. चार्ज करताना लिथियमचे आयन ऑक्साइडमधून निघून ग्राफाइटच्या थरांत जाऊन बसतात, खेळताना परत येतात. (या रचनेसाठी गुडइनफ, व्हिटिंगहॅम आणि योशिनो यांना २०१९चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं.) पूर्ण भरलेल्या सेलचा विद्युतदाब (व्होल्टेज) ४.२ व्होल्टच्या आसपास असतो, आणि या दाबाला विद्युतद्रव दोन्ही बाजूंना हळूहळू कुरतडलं जातं. ग्राफाइटवर एक पातळ थर धरतो. सुरुवातीला हा थर हवाच असतो, कारण तो आतल्या ग्राफाइटचं रक्षण करतो. पण त्याची वाढ कधीच पुरती थांबत नाही, आणि वाढताना तो लिथियम गिळत जातो. गिळलेलं लिथियम परत कामाला येत नाही. वर्षभराने बॅटरी 'पूर्वीसारखी टिकत नाही' असं आपण म्हणतो, त्यामागचं मोठं कारण हे. दाब जास्त असला की ही क्रिया वेग घेते, आणि उष्णता वाढली की आणखीच.

म्हणून बॅटरीसाठी सगळ्यात वाईट अवस्था म्हणजे शंभर टक्के भरलेली आणि गरम. टीव्हीशेजारच्या डॉकमध्ये, म्हणजे चार्ज करणाऱ्या स्टँडमध्ये, महिनोन्महिने खोचून ठेवलेल्या स्विचची अवस्था नेमकी हीच असते, आणि त्याचा मालक निवांत असतो की आपण बॅटरी वापरतच नाही.

शेवटचे वीस टक्के भरायला इतका वेळ का लागतो, तेही याच दाबामुळे. एसटी सुटायच्या आधी पहिले प्रवासी पटापट बसतात. गाडी भरत आली की कंडक्टरला 'आत सरका, आत सरका' करत एकेकाला घ्यावं लागतं. चार्जिंगही तसंच चालतं. सुरुवातीला प्रवाह एकसारखा मोठा असतो, दाब ४.२ व्होल्टला पोचला की तो तिथेच धरून प्रवाह कमी कमी करत नेतात. ही सारी हुकमत यंत्रातल्या चार्जिंग सर्किटची. पूर्ण भरल्यावर ते प्रवाह बंद करतं, त्यामुळे रात्रभर लावून ठेवल्याने बॅटरी 'जास्त भरून' फुटेल ही भीती निराधार आहे. नुकसान होतं ते सकाळपर्यंत भरलेली पडून राहिल्याने, आणि तेही एका रात्रीत डोळ्यांना दिसण्याइतकं नसतं.

हे ओळखून २०२५मध्ये आलेल्या स्विच २मध्ये सुमारे ९० टक्क्यांवर चार्जिंग थांबवण्याची सोय दिली आहे. स्टीम डेकमध्येही आता मर्यादा घालता येते. यंत्र बहुतेक वेळ डॉकमध्येच असेल, तर ही सेटिंग लावून टाका. पण ८० टक्क्यांच्या वर कधीच न भरण्याचं सोवळं पाळणाऱ्यांचा उत्साह मला थोडा अति वाटतो. रोज कर्जत लोकलमध्ये खेळणाऱ्याने निघण्याआधी खुशाल शंभर करावं. भरली आणि लगेच वापरली, तर त्रास फारसा होत नाही. चार वर्षांनी पाऊण तास वाचावा म्हणून आज रोज पाऊण तास कमी खेळणं, हा हिशोब मला कधीच पटलेला नाही.

उष्णतेकडे मात्र दुर्लक्ष करू नये. स्विच ५ ते ३५ अंश सेल्सिअसमध्ये वापरा, असं निन्टेन्डो सांगते. स्टीम डेकचीही वरची मर्यादा ३५ अंशच आहे. नागपूर-चंद्रपूरला मे महिन्यात पारा ४५ला टेकतो, आणि सुट्टीमुळे मुलं सगळ्यात जास्त खेळतात तीही तेव्हाच. दुपारी कूलरसमोर खेळावं, चार्जिंग सकाळी किंवा रात्री उरकावं. जड गेम खेळता खेळता चार्ज केलं की चिपची उष्णता आणि चार्जिंगची उष्णता एकत्र होते. गादीवर ठेवून खेळलं तर हवा आत घ्यायच्या जाळ्या बुजतात. उन्हात उभ्या गाडीच्या डॅशबोर्डवर यंत्र विसरणं हा तर बॅटरीचा छळच. शिकागो-टोरोंटोच्या वाचकांची अडचण उलटी आहे: शून्याखाली चार्ज केलं तर लिथियम ग्राफाइटच्या आत शिरण्याऐवजी वर धातू म्हणून साचतं, आणि ते धोक्याचं. बाहेरून आणलेलं यंत्र आधी खोलीच्या तापमानाला येऊ द्यावं.

आता थोडं गणित, कारण बॅटरी जपण्याचा सगळ्यात सोपा उपाय गेमच्या सेटिंगमध्ये दडला आहे. मिलिअँपिअर-अवरच्या आकड्यावर जाऊ नका, वॉट-अवर बघा. पहिल्या स्टीम डेकची बॅटरी ४० वॉट-अवरची. यंत्र २० वॉट खात असेल तर दोन तास, ५ वॉट खात असेल तर आठ तास; कंपनीने दोन ते आठ तास सांगितले होते, ते असे. सेकंदाला ६० चित्रांऐवजी ४०ची मर्यादा घाला, उजेड कमी करा: वॉट घटतात, उष्णता घटते, सायकलही कमी लागतात. चिपचा वाटा किती मोठा असतो, हे स्विचने २०१९मध्ये दाखवलं. बॅटरी तीच, ४३१० मिलिअँपिअर-अवरची, मुख्यतः चिप सुधारलेली. खेळण्याचा वेळ अडीच ते साडेसहा तासांवरून साडेचार ते नऊ तासांवर गेला.

हेच गणित पॉवर बँकेला लावा. खोक्यावरचे २०,००० मिलिअँपिअर-अवर हे आतल्या सेलच्या ३.७ व्होल्टला मोजलेले असतात, म्हणजे ७४ वॉट-अवर. त्यातले काही दाब बदलण्यात उष्णता होऊन जातात. त्यामुळे स्टीम डेक एकदा पूर्ण भरून वर थोडं उरेल, इतकीच अपेक्षा ठेवा. स्टीम डेकला ४५ वॉटचा चार्जर लागतो. १८ वॉटच्या पॉवर बँकेवर जड गेम लावला, तर वायर जोडलेली असूनही टक्के घसरत जातात. त्यात बिघाड काही नाही, साधी वजाबाकी आहे.

कपाटात ठेवायचं असेल तर अर्धं भरून, पूर्ण बंद करून ठेवा. यंत्र झोपेत असतानाही थोडी वीज खातंच. सेलचा दाब फारच खाली गेला तर आतला तांब्याचा पत्रा विरघळू लागतो, आणि मग सुरक्षा सर्किट ती बॅटरी चार्जच होऊ देत नाही. न वापरलेलं यंत्र निदान सहा महिन्यांतून एकदा चार्ज करा, असं निन्टेन्डो सांगते ते यासाठी. टक्क्यांचा आकडा अचानक ३०वरून ५वर पडायला लागला, तर एकदा पूर्ण संपवून पूर्ण भरून बघायला हरकत नाही. त्याने बॅटरी सुधारत नाही, मोजणारं मीटर ताळ्यावर येतं.

मागचं झाकण उचललं गेलं, पडदा कडेने वर आला, तर बॅटरी फुगली आहे. विद्युतद्रवाच्या विघटनाने आत वायू साचला आहे. अशी बॅटरी चार्ज करू नये, दाबू नये, टोचू तर मुळीच नये. यंत्र बंद करून जळाऊ वस्तूंपासून दूर ठेवावं आणि दुरुस्तीवाल्याकडून बॅटरी काढून घ्यावी. ती कचऱ्याच्या डब्यात टाकायची नाही, ई-कचरा संकलन केंद्रावर द्यायची. भारतात २०२२च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनी जुन्या बॅटऱ्या परत घेण्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकली आहे. नवी घालताना मात्र अनेक यंत्रांत ती गोंदाने चिकटवलेली सापडते. युरोपीय संघाच्या नियमानुसार १८ फेब्रुवारी २०२७पासून तिथे विकल्या जाणाऱ्या उपकरणांतली बॅटरी, काही अपवाद सोडता, ग्राहकाला स्वतः काढता-घालता आली पाहिजे.