ऑफ-रोड गाडीची मापं कुठून आली, आणि विदर्भाच्या काळ्या मातीत ती किती कामाची

भारतात एसयूव्ही कशाला म्हणायचं हे करखात्याने ठरवलेलं आहे. २०१३ च्या अर्थसंकल्पात एसयूव्हींवरचं उत्पादन शुल्क २७ टक्क्यांवरून ३० टक्के झालं, तेव्हा तीन अटी घातल्या गेल्या: लांबी चार मीटरहून जास्त, इंजिन १५०० सीसीहून मोठं, आणि गाडीच्या पोटाखालची मोकळी जागा, म्हणजे ग्राउंड क्लिअरन्स, किमान १७० मिलिमीटर. पुढे जीएसटीतही हीच मापं राहिली. २०२३ मध्ये जीएसटी परिषदेने ही उंची रिकाम्या गाडीची धरायची असा खुलासा केला. इंजिनाचा जोर दोन चाकांना जातो की चारही चाकांना, याचा या व्याख्येत उल्लेखही नाही.

यवतमाळ, वर्धा, अमरावतीकडच्या ज्या शेतकऱ्याला ऐन पावसाळ्यात पांदणीने वावरापर्यंत गाडी न्यायची आहे, त्याला ही गोष्ट महागात पडते. माहितीपत्रकावर अंश, मिलिमीटर आणि घोड्यांची ताकद छापलेली असते. आकडे खरेच असतात. पण त्यातला प्रत्येक आकडा कोणीतरी, कुठल्यातरी वेगळ्या जमिनीसाठी आणि वेगळ्या कामासाठी काढलेला आहे. आपली काळी माती त्या हिशेबात जवळपास नाहीच. कोणता आकडा कुठून आला हे कळलं, तर त्यावर किती विसंबायचं हेही कळतं.

सुरुवात लष्कराने केली. जुलै १९४० मध्ये अमेरिकी लष्कराने १३५ कंपन्यांकडे एका हलक्या टेहळणी गाडीची मागणी पाठवली. चारही चाकांना जोर, दोन वेगांची ट्रान्सफर केस (इंजिनाचा जोर पुढच्या-मागच्या चाकांत वाटणारी गिअरपेटी), ६०० पौंड वाहून नेण्याची क्षमता, ताशी ३ मैलांपासून ५० मैलांपर्यंत न अडखळता चालणारं इंजिन, आणि गाडीचं वजन अवघं १३०० पौंड. वजनाची अट कोणालाच पाळता आली नाही, ती पुढे सैल झाली. बॅन्टम या लहानशा कंपनीने सप्टेंबरात पहिला नमुना उभा केला. मग आराखडा विलीज आणि फोर्डकडे गेला आणि १९४१ पासून जीपचं मोठं उत्पादन सुरू झालं. या सगळ्या मागणीत मला सर्वांत महत्त्वाची वाटते ती ताशी ३ मैलांची अट. माणसाच्या चालीइतकंच हळू, तरीही चाकात पूर्ण जोर. ऑफ-रोड गाडीची पहिली कसोटी ही अशी संथ चालीची होती.

हा संथपणा मोजायची रीत सोपी आहे. पहिल्या गिअरचं प्रमाण, ट्रान्सफर केसमधल्या लो गिअरचं प्रमाण आणि एक्सलचं, म्हणजे चाकांच्या आसाचं, प्रमाण यांचा गुणाकार करायचा. युद्धातल्या विलीज एमबीचा गुणाकार सुमारे २६ येतो. युद्ध संपताच १९४५ मध्ये विलीजने सीजे-२ए ही नागरी जीप आणली आणि ती शेतकऱ्यांना विकायला काढली: नांगर ओढा, मागच्या शाफ्टवर पंप किंवा करवत चालवा. त्यासाठी गिअर बदलले आणि गुणाकार सुमारे ३७ वर गेला. म्हणजे रणांगणातल्या जीपपेक्षा शेतातली जीप जास्त हळू आणि जास्त नेटाने ओढणारी होती. २०२३ मध्ये भारतात आलेल्या पाच दारांच्या मारुती जिम्नीचा, हाताने गिअर टाकायच्या आवृत्तीत, हाच गुणाकार ३६ च्या आसपास आहे. ७८ वर्षांत इंजिनं बदलली, स्क्रीन आले, कॅमेरे आले, पण चिखलात चाक किती सावकाश फिरायला हवं याचं उत्तर फारसं हललेलं नाही. हा आकडा माहितीपत्रकावर सहसा छापत नाहीत. विचारून घ्यावा.

विलीज आपल्याकडे लवकर पोचली. १९४० च्या दशकाच्या अखेरीस महिंद्रने मुंबईत जीपची जुळणी सुरू केली. पुढे सीजे-३बी ही उंच बॉनेटची जीप परवान्यावर बनू लागली. अमेरिकेत तिचं उत्पादन १९६८ मध्ये थांबलं, आपल्याकडे तोच तोंडवळा नंतर कित्येक वर्षं चालू राहिला. खेड्यात ती आली सरकारची गाडी म्हणून. १९५२ च्या गांधी जयंतीला सामुदायिक विकास कार्यक्रम सुरू झाला, १ मे १९६२ ला जिल्हा परिषदा आल्या, आणि बीडीओ साहेबांची जीप हे गावात दिसणारं सरकारचं रूप झालं. मेळघाटात वनखात्याची जीप सेमाडोह-धारणीच्या वाटा तुडवत राहिली.

मग काळी-पिवळी आली. तालुक्याच्या स्टँडवरून गावोगाव माणसं नेणाऱ्या कमांडर आणि ट्रॅक्स यांनी जीपची कीर्ती खरी घडवली. त्यातल्या बहुतेक गाड्या दोनच चाकांच्या जोराच्या होत्या. तरी त्या जायच्या, आणि त्यामागे कारणं होती. टायर अरुंद, पोट उंच, पाटे दणकट, आणि मागे दहा-बारा माणसं बसली की सगळं वजन जोर असलेल्या मागच्या चाकांवर. त्यात रोजच्या वाटेचा प्रत्येक खड्डा चालकाच्या हाताला पाठ. त्यातून आपल्या भागात एक समजूत रुजली, की जीपसारखी दिसणारी गाडी कुठेही जाते. ती समजूत आज फसवते. जानेवारी २०२३ मध्ये महिंद्रची थार फक्त मागच्या चाकांच्या जोरावरही मिळू लागली. दिसायला ती चारही चाकांना जोर असलेल्या थारसारखीच. रिकामी, एकटा माणूस बसलेली, मागून हलकी अशी गाडी आषाढात वावराच्या कडेला न्यायची, तर काळी-पिवळीच्या आठवणींचा आधार घेता येत नाही.

जिप्सीबद्दलही थोडं सांगायला हवं. १९८५ च्या डिसेंबरात आलेली मारुती जिप्सी वजनाने एक टनाच्या आसपास, आणि तिचा मोठा गुण हा हलकेपणाच. ताडोबा-पेंचमध्ये ती घराघराला माहीत झाली. पण सफारीचे रस्ते मुरुमाचे, दरवर्षी दुरुस्त होणारे असतात. तिथल्या कामगिरीवरून चिखलातली ताकद ठरवू नये.

आता कोनांकडे येऊ. पुढचं बंपर न टेकता किती चढावर चाक लावता येतं तो अप्रोच अँगल, उतरताना मागचं न टेकता किती ते डिपार्चर, आणि मधलं पोट न टेकता किती उंचवटा ओलांडता येतो तो ब्रेकओव्हर. या कोनांना कायद्याचं वजन मिळालं तेही सरकारी वर्गवारीसाठी. अमेरिकेत इंधन-नियमांमध्ये ऑफ-रोड वाहन ठरवताना अप्रोच २८ अंश, ब्रेकओव्हर १४, डिपार्चर २०, एक्सलांच्या मधली उंची २० सेंटिमीटर आणि एक्सलखालची १८, या पाचांपैकी चार पुरे धरले जातात. युरोपात अप्रोच २५ आणि बाकीचे दोन्ही कोन २०, शिवाय डिफरन्शियलचं लॉक (एक्सलच्या दोन्ही चाकांना एकत्र बांधणारं) किंवा तसा परिणाम देणारी यंत्रणा आणि ठरावीक चढ चढण्याची क्षमता मागतात. माझ्या मते युरोपची कसोटी जास्त प्रामाणिक आहे, कारण तिच्यात लॉक आहे. आपल्या १७० मिलिमीटरमध्ये यातलं काहीच नाही.

विदर्भात यातला ब्रेकओव्हर सर्वांत आधी पाहावा. वावरातून वावरात जाताना आडवा येतो तो धुरा, म्हणजे शेताच्या हद्दीचा बांध. भंडारा-गोंदियाकडे धानाच्या बांध्यांचे बांध. तिथे बंपर क्वचितच अडतं, पोट अडतं. आणि हा कोन चाकांमधलं अंतर वाढलं की घटतो. तीन दारांच्या जिम्नीचा तो २८ अंश, पाच दारांच्या जिम्नीचा २४. २०२० च्या थारचा २७, लांब थार रॉक्सचा २३.९, दोघींचा अप्रोच मात्र जवळपास सारखा, ४१.८ आणि ४१.७. जाहिरातीत अप्रोचचा मोठा आकडा झळकतो.

अमेरिकेत युद्धानंतर वेगळीच परंपरा वाढत होती, खडकांची. कॅलिफोर्नियातल्या रुबिकॉन वाटेवर १९५३ पासून जीपांचे मेळावे भरतात. त्याच वाटेच्या नावाची रँग्लर रुबिकॉन २००३ च्या मालिकेत आली, कारखान्यातूनच दोन्ही एक्सलना लॉक आणि ४ प्रमाणाचा लो गिअर घेऊन. पाठोपाठ जीपने ‘ट्रेल रेटेड’ हा बिल्ला सुरू केला: पकड, क्लिअरन्स, वळणक्षमता, चाकांची वर-खाली हालचाल आणि पाण्यातून जाणं, या पाच बाबींवर. शोरूमच्या गाडीची जशीच्या तशी परीक्षा घ्यायची, ही कल्पना त्यातून लोकांपर्यंत पोचली. कल्पना चांगलीच आहे. पण खडक चाकाखाली जागचा हलत नाही, आणि काळी माती चाकाखालून निघून जाते. खडकावरचं प्रावीण्य चिखलात निम्मंच कामाला येतं.

निम्मं तरी येतं ते लॉकमुळे. डिफरन्शियल वळणावर दोन्ही चाकांना वेगवेगळ्या गतीने फिरू देतं, पण जोर दोघांना सारखाच वाटतं. एक चाक चिकट मातीत निसटून नुसतं गरगरलं, की त्याला लागतो तेवढा अल्प जोरच दुसऱ्यालाही मिळतो. म्हणूनच एक पुढचं आणि त्याच्या तिरक्या बाजूचं मागचं चाक सुटलं, की चार चाकांचा जोर असलेली गाडीसुद्धा जागीच थांबते. लॉक दोन्ही चाकांना एकत्र बांधतं. फोर्स गुरखाने २०१३ पासून पुढच्या-मागच्या दोन्ही एक्सलना हाताने लावायचे लॉक दिले. थारच्या काही आवृत्त्यांत मागे आपोआप लागणारं यांत्रिक लॉक आहे. जिम्नी घसरणाऱ्या चाकाला ब्रेक लावून जोर दुसरीकडे वळवते. ब्रेकची युक्ती हलक्या गाडीत, थोड्या वेळासाठी छान चालते. चिखलात सलग ओढत राहायचं तर ब्रेक तापतात, आणि चाक आधी घसरल्याशिवाय यंत्रणा जागी होत नाही. शिवाय लॉक लावून डांबरी रस्त्यावर वळू नये, यंत्रावर ताण येतो.

आता मातीकडे येऊ. काळ्या मातीतली माँटमोरिलोनाइट जातीची चिकणमाती पाणी शोषून फुगते, वाळली की आकसते, म्हणून उन्हाळ्यात वावराला हात जाईल अशा भेगा पडतात. पहिल्या पावसात वरचा थर लोण्यासारखा आणि खालची जमीन टणक असते. अरुंद टायर वरचा थर कापून खाली पोचतो. श्रावणात तीच जमीन खोलवर भिजलेली असते, तळ सापडतच नाही. तिथे हवा कमी करून टायर पसरवणं आणि वजन हलकं असणं उपयोगी. दोन्ही काळांत खाचा चिखलाने भरल्या की रस्त्यासाठीचा टायर गुळगुळीत होऊन बसतो. एकाच गाडीची जूनमधली आणि ऑगस्टमधली ताकद वेगळी असते, आणि कुठलाही बिल्ला हे सांगत नाही.

त्यात पांदणीतली चाकोरी. एकेकाळी ती बंडीच्या चाकांनी पडायची, आता ट्रॅक्टरच्या. ट्रॅक्टरची मागची चाकं खोल रुततात आणि मधला उंचवटा तसाच राहतो. गाडी त्या चाकोरीत उतरली, की एक्सलच्या मध्ये लोंबणारा डिफरन्शियलचा गोळा उंचवट्यावर घासतो. इथे आणखी एक फरक आहे. मागचा-पुढचा एक्सल अखंड असेल, जसा जिम्नीत आहे, तर खताच्या गोण्या आणि पाच माणसं चढवली तरी गोळ्याखालची उंची जवळपास तेवढीच राहते, कारण तो स्प्रिंगच्या वर नसून चाकांनाच जोडलेला असतो. प्रत्येक चाकाला स्वतंत्र सस्पेन्शन असलेली गाडी मात्र भार पडला की पोटासकट खाली बसते. थारला पुढे स्वतंत्र आणि मागे अखंड, अशी मधली रचना आहे. कायद्याने रिकाम्या गाडीची उंची मोजायला सांगितली. शेतात रिकामी गाडी जात नाही.

पाण्याच्या आकड्याबद्दल मात्र मी कळकळीने सांगतो. थारची पाण्यातून जाण्याची मर्यादा ६५० मिलिमीटर, गुरखाची ७००. हे आकडे संथ पाण्यातून हळू जाण्याचे आहेत. इंजिनात पाणी शिरू नये एवढाच त्यांचा अर्थ. वाहतं पाणी बाजूने ढकलतं आणि तरंगायला लावतं. जोराने वाहणारं सुमारे दोन फूट पाणी बहुतेक गाड्या, एसयूव्ही धरून, ओढून नेऊ शकतं. दोन फूट म्हणजे ६१० मिलिमीटर, थारच्या मर्यादेच्या आतच. रपट्यावरून, म्हणजे नाल्यावरच्या ठेंगण्या पुलावरून, पाणी वाहत असताना तो आकडा आठवून गाडी घालू नये. पाणी उतरेपर्यंत थांबावं.

राहिली इलेक्ट्रॉनिक्स. लँड रोव्हरने २००४ च्या डिस्कव्हरी ३ मध्ये चिखल, वाळू, खडक असे पर्याय एका बटणावर दिले, आणि आता अनेक गाड्यांत ते आहेत. अनुभवी चालकाचं थोडं काम ते करतात, नवख्याचं बरंच करतात. पण टायर आणि क्लिअरन्स यांची जागा ते घेत नाहीत.

तेव्हा गाडी जोखायची तर शोरूमच्या फरशीवर जोखू नये. घरची माणसं आणि नेहमीचं ओझं घालून, शक्य तर पावसानंतर, ट्रॅक्टरने तुडवलेल्या पांदणीत लो गिअरमध्ये चालवून पाहावी. त्याआधी वाकून खाली बघावं: सर्वांत खाली काय लोंबतं आहे, डिफरन्शियल, सायलेन्सर की प्लॅस्टिकचं आवरण. दोरखंड अडकवायला पुढे-मागे खरे हुक आहेत का, तेही. आणि डेमो गाडीचे टायर व आपल्याला मिळणाऱ्या गाडीचे टायर एकच आहेत का, हे टायरच्या बाजूवरची अक्षरं वाचून ताडून घ्यावं. एकाच नावाच्या गाडीच्या दोन आवृत्त्यांत ते वेगळे असू शकतात.