हाताच्या ठशांच्या बागफरश्या

मुलांच्या तळहाताचा ठसा असलेल्या, घरी ओतून पायवाटेत बसवायच्या सिमेंटच्या फरश्या. ओल्या सिमेंटात मुलाचा हात थेट दाबणे सोपे वाटते, पण ते टाळलेच पाहिजे. पाणी मिसळताच सिमेंटात कॅल्शियम हायड्रॉक्साइड तयार होते आणि मिश्रणाचा पीएच १२ ते १३ पर्यंत जातो. या क्षाराने कातडी भाजते. दुखू मात्र बऱ्याचदा काही तासांनी लागते. म्हणून मूल रडले नाही, एवढ्यावर निर्धास्त राहू नये. हातमोजेही भरवशाचे नाहीत. सैल मोज्यात मनगटाकडून सिमेंटचे पाणी शिरले, तर ते कातडीला चिकटून राहते आणि इजा वाढते.

त्याऐवजी मुलाने ठसा चिकणमातीत उमटवावा. ३० सेंमी व्यासाच्या, ८ सेंमी खोल साच्याच्या कडांना आतून तेल लावून तळाशी अडीच सेंमी माती थापावी. बोटे फाकवून हात सुमारे १ सेंमी दाबला की पुरे. नाव कोरायचे असल्यास अक्षरे आरशात दिसतात तशी उलटी काढावी. मुलाचे काम इथे संपते.

पुढचे काम मोठ्यांचे, तेही मुले दूर असताना. कोरड्या सिमेंटची धूळ श्वासातून जाऊ नये म्हणून मास्क, शिवाय चष्मा आणि रबरी मोजे घालून. ५ सेंमी थरासाठी सव्वा लिटर सिमेंट व पावणेचार लिटर चाळलेली वाळू लागते. सुमारे पाऊण लिटर पाणी थोडेथोडे घालावे. वाळू ओली असेल तर आणखी कमी. पाणी जास्त झाले की बोटांच्या कडा भुसभुशीत होतात आणि फरशीला तडे जातात. अर्धा माल ओतून, कडेपासून २ सेंमी आत राहील अशी तारेची जाळी ठेवावी, उरलेला माल ओतावा व साचा बाजूंनी ठोकून हवेचे बुडबुडे काढावेत. दोन दिवसांनी फरशी काढून माती ब्रशने झाडावी आणि सात दिवस ओल्या गोणपाटाखाली ठेवावी. पूर्ण ताकद साधारण २८ दिवसांनी येते.

असा ठसा उठावदार येतो. खोलगट हवा असल्यास मातीच्या ठशात मोठ्यांनी प्लास्टर ऑफ पॅरिस ओतून शिक्का करावा (यात अक्षरे सुलटीच कोरायची), तो वाळल्यावर तेल लावून, पृष्ठभागावरचे पाणी जिरल्यावर सिमेंटात दाबावा. प्लास्टरमध्ये हात कधीही बुडवू नये. घट्ट होताना ते इतके तापते की गंभीर भाजू शकते आणि हात आत अडकतो.

सिमेंट अंगाला लागलेच तर माखलेले कपडे काढून वाहत्या पाण्याखाली किमान २० मिनिटे धुवावे. डोळ्यात गेल्यास तसेच धुऊन लगेच डॉक्टरांकडे न्यावे.

बसवताना खाली ४ सेंमी वाळू दाबून फरशी जमिनीशी समतल करावी. उठावदार ठशाला ठेच लागते, त्यामुळे तो वाटेच्या मध्यावर न ठेवता कडेला लावलेला बरा.