नागपुरात सरकारी घराचा अर्ज: कागद आधी, की जागा?

नागपुरात म्हाडाच्या सोडतीची जाहिरात आली की पहिला घोळ उत्पन्नाचा होतो. नागपूर महानगर क्षेत्रात अत्यल्प गटाची मर्यादा वार्षिक 6 लाख, अल्प गटाची 9 लाख, मध्यम गटाची 12 लाख; त्यापुढे उच्च गट. यात नवरा-बायको दोघांचं उत्पन्न एकत्र धरतात. पण तेच घर पंतप्रधान आवास योजनेतलं असेल, तर अत्यल्प गटाला 3 लाखांचीच मर्यादा आहे. शिवाय नवरा, बायको किंवा अविवाहित मुलांच्या नावावर देशात कुठंही पक्कं घर चालत नाही. म्हणजे काटोलचं किंवा उमरेडचं घर वडिलांच्या नावावर असेल तर ठीक. वाटणीत तुमच्या नावावर चढलं असेल तर अर्ज तिथंच अडला. या अटींच्या बदल्यात केंद्राचे दीड लाख आणि राज्याचा एक लाख, असं अडीच लाखांचं अनुदान मिळतं.

कागद फार नाहीत: दोघांचं आधार, पॅन, अधिवास प्रमाणपत्र, आयकर विवरणपत्र किंवा तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला, आरक्षित गटाला जातीचं प्रमाणपत्र. 2023 पासून हे सोडतीआधीच ऑनलाइन चढवावे लागतात आणि पात्रताही तेव्हाच तपासली जाते. म्हणून जाहिरातीची वाट न पाहता सेतू केंद्राची (दाखले मिळतात ते सरकारी केंद्र) चक्कर आधीच मारून ठेवा. आधारवर एक नाव, पॅनवर दुसरं, हे आत्ताच दुरुस्त करा. नोंदणी, मग अनामत रक्कम, मग सोडत. नंबर लागला नाही तर अनामत परत येते, अर्जाचं शुल्क येत नाही. 'नंबर लावून देतो' म्हणणाऱ्या भाऊला चहा पाजा, पैसे नको.

आता खरी गोष्ट. स्वस्त घरं मिळतात ती वाठोडा, तरोडी, वांजरी अशा कडेच्या भागांत, कारण शहराच्या मध्यातल्या सीताबर्डी-धरमपेठेतल्या जमिनीच्या भावात ती बसतच नाहीत. मेट्रो पूर्वेकडं प्रजापती नगरला संपते. पुढं 'आपली बस' ही शहर बससेवा, ऑटो नाहीतर स्वतःची गाडी. धंतोलीत धुणीभांडी करणाऱ्या बाईनं हप्त्यासोबत हा रोजचा खर्चही मांडायला हवा. आणि पटलं नाही म्हणून विकायचं म्हटलं, तर म्हाडाचं घर पाच वर्षं विकता येत नाही.

अर्ज भरण्याआधी सकाळी नऊला त्या जागेवरून आपल्या कामाच्या ठिकाणी एकदा जाऊन बघा. दुपारी नको, दुपारी रस्ते मोकळे असतात.